पडून वाचलेले पळणे

आजारी माणसाला पाहायला जाताना काय न्यावे याचे आपल्याकडे अलिखित नियम आहेत. नातेवाईक असेल तर मोसंबी, शेजारी असेल तर मऊ भात आणि मेतकूट, आणि साहेब असतील तर सफरचंदे. पण मी गेली बारा वर्षे पहाटे उठून तळजाईच्या टेकडीवर पळणाऱ्यांपैकी आहे, आणि या जमातीच्या चालीरीती निराळ्या. २०२३ साली ऐन दसऱ्याच्या आदल्या दिवशी मला डेंग्यूने गाठले, तेव्हा टेकडीवरची मंडळी एकामागून एक आली आणि येताना प्रत्येकाने पळण्यावरचे एकेक पुस्तक आणले. "पडल्या पडल्या वाचा," असे म्हणून ते उशाशी ठेवायचे, बाहेर हवा काय सुरेख पडली आहे याबद्दल दोन वाक्ये बोलायची आणि पळायचे. अक्षरशः पळायचे. एक गृहस्थ तर आमच्याकडून धायरीला आपल्या घरी पळतच गेले आणि आजाऱ्याची विचारपूस व आठवड्याचा सराव अशी दोन्ही कामे एका फेरीत उरकली.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि स्वच्छ पाण्यात वाढतो. म्हणजे तो आपल्यासारखाच, मध्यमवर्गीय. आमच्या खिडकीत बाटलीत लावलेला मनीप्लँट होता. त्याचे पाणी बदलण्याचे काम माझ्याकडे होते आणि मी पहाटे पळायला जात असल्यामुळे ते मागे पडले होते, असे आमच्या हिचे म्हणणे. महापालिकेच्या माणसाने येऊन बाटलीत वळवळणाऱ्या अळ्या दाखवल्या तेव्हा हिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिच्यात ताप नसता तरी थंडी वाजली असती. पुढचे दहा दिवस घरात एकच विषय, माझ्या प्लेटलेट. सकाळी ब्याण्णव हजार, संध्याकाळी एकसष्ट हजार, दुसऱ्या दिवशी अडतीस हजार. ज्यांनी आयुष्यात कधी शेअर घेतला नाही तेही "आज कितीवर बंद झाल्या?" असे विचारू लागले. पपईच्या पानांचा रस प्यालो, किवी खाल्ली, बकरीचे दूध कुणीतरी थेट कात्रजच्या पलीकडून आणले. तीन दिवस इस्पितळात काढले. प्लेटलेट यथाकाल वर आल्या आणि श्रेय बकरीला मिळाले.

तर अशा अवस्थेत, उताणा पडून, मी पळण्याचे वाङ्मय वाचले. समीक्षकाला याहून सोयीची अवस्था नाही. आपल्याला करता तर काही येत नाही, हातात मात्र दुसऱ्याच्या करण्याचे वर्णन, आणि वेळ भरपूर. त्यामुळे पुढील मते कुणाला आंबट वाटली तर तोंडाची चव गेली होती हे ध्यानात घ्यावे.

पहिले वाचन पुस्तकाचे नव्हतेच. ते फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेल्या तक्त्याचे होते. सोळा आठवड्यांचा तक्ता. शेवटच्या चौकटीत २१ जानेवारी २०२४, मुंबईची अर्धमॅरॅथॉन. तक्ता हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे आणि मराठी समीक्षेने त्याची दखल घेतलेली नाही याचे मला वाईट वाटते. त्याचा कर्ता अज्ञात असतो. नायक म्हणजे वाचक स्वतः. मंगळवारी टेकडी, गुरुवारी वेगाने, रविवारी लांब, आणि प्रत्येक रविवार आधीच्या रविवारपेक्षा लांब. रचना बंदिस्त, भाषा आज्ञार्थी, विशेषणे नाहीत. पण या नायकाला कधी सर्दी होत नाही. त्याच्या घरी बारसे नसते, मार्चअखेरीची बँक नसते. त्याची सासू कधी राहायला येत नाही. अकराव्या आठवड्यात तो सतरा किलोमीटर पळतो, कारण दहाव्या आठवड्यात तो सोळा पळालेला असतो. कार्यकारणभाव एवढा निर्दोष असलेले साहित्य मी फक्त बँकेच्या परिपत्रकांतच वाचले आहे. माझी गोष्ट चौथ्या आठवड्यात थांबली होती, आणि पुढच्या बारा आठवड्यांच्या कोऱ्या चौकटी मी पाणी प्यायला उठलो की माझ्याकडे पाहायच्या.

दुसरे, केनेथ कूपर यांचे 'एरोबिक्स'. १९६८ सालचे. कूपर हे अमेरिकेच्या हवाईदलातले डॉक्टर. बारा मिनिटांत माणूस किती अंतर जातो यावरून त्याची ताकद जोखायची, ही त्यांची कसोटी जगभर गाजली. शिवाय प्रत्येक व्यायामाला गुण, आणि आठवड्याला अमुक इतके गुण मिळवायचेच. माझ्या पिढीला हे पुस्तक लगेच कळते, कारण ती गुणांवरच वाढली. मी पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आणि परत अशी खेप घड्याळ लावून केली. मध्ये भिंतीला टेकणे धरून चार मिनिटे. कूपर यांच्या कोष्टकात यापेक्षा खालची पायरी नाही. पुस्तक शास्त्रीय आहे, प्रामाणिक आहे, आणि आजाऱ्याने ते वाचू नये.

तिसरे पुस्तक आमच्या प्राचार्यांनी आणले. हे निवृत्त प्राचार्य आमच्या टेकडीचे भीष्म. पुस्तक लाल भडक, मुखपृष्ठावर फक्त दोन पिळदार पाय. जिम फिक्स यांचे, १९७७ सालचे. दहा लाखांवर प्रती खपल्या आणि अमेरिकेतली साधी नोकरदार माणसे रस्त्यावर येऊन पळू लागली, त्यात या पुस्तकाचा मोठा वाटा. फिक्स स्वतः पस्तिसाव्या वर्षापर्यंत लठ्ठ होते, सिगारेटी ओढायचे. मग पळायला लागले आणि बदलले. त्यांचा उत्साह खराच संसर्गजन्य आहे. तापात वाचूनही माझा उजवा पाय पांघरुणाखाली हलायला लागला.

पण हे पुस्तक माझ्याआधी हिने वाचले. म्हणजे चाळले, आणि मग मुलीला विचारून फोनवर लेखकाची माहिती काढली. रात्री मला औषध देताना म्हणाली, "अहो, हा माणूस पळतानाच गेला की."

गेला हे खरे. १९८४च्या जुलैत, व्हर्माँटमधल्या एका रस्त्यावर, रोजचे पळणे पळताना. वय बावन्न. मी त्या वेळी चोपन्न वर्षांचा होतो.

मी समीक्षकाच्या भूमिकेतून तिला समजावू लागलो. त्यांच्या वडिलांना पस्तिसाव्या वर्षीच हृदयविकाराचा झटका आला होता आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ते गेले. म्हणजे मुलगा पळाला म्हणून नऊ वर्षे जास्त जगला असेच अनेकजण म्हणतात. कूपरसाहेबांनी तर १९८५ साली या मृत्यूची चिकित्सा करणारे एक पुस्तकच लिहिले. लेखकाचे आयुष्य आणि लेखकाची कृती यांत गल्लत करू नये, हेही मी सांगितले. तिने गोळी हातावर ठेवली आणि म्हणाली, "ते असू दे. पण शेवटचं प्रकरण नसलेलं पुस्तक आजाऱ्याच्या उशाशी कशाला?"

मी बारा वर्षे टेकडीवर या पुस्तकावरच्या चर्चा ऐकल्या आहेत. इतकी नेमकी टीका एकानेही केली नव्हती. फिक्स यांनी छातीतल्या खुणांकडे दुर्लक्ष केले असे मागाहून पुष्कळांनी लिहिले आहे. मला वाटते, तो दोष त्यांच्या एकट्याचा नाही, या साऱ्या वाङ्मयाचा आहे. पळणे हा यात औषधासारखा सांगितलेला असतो, आणि ज्याने औषध घेतले त्याला रोग कसा असेल? आजारी पडणे ही पळणाऱ्याला काहीशी लाजिरवाणी गोष्ट वाटते. मलाही वाटली होती. इस्पितळात नर्सने विचारले, "काका, व्यायाम वगैरे काही करता का?" तेव्हा मी "थोडाफार" म्हणालो, मुलीच्या लग्नात हुंड्याचा विषय निघाल्यासारखा.

लेखी वाङ्मय संपल्यावर मौखिक सुरू झाले. मौखिक परंपरेत एकच दैवत, एमिल झाटोपेक. मला भेटायला आलेल्या सात जणांपैकी पाच जणांनी त्याची कथा सांगितली. प्राचार्यांची आवृत्ती सर्वांत रसाळ. "काय बँकवाले, डेंग्यूचं काय घेऊन बसलात! झाटोपेक हेलसिंकीच्या आधी आजारी होता. डॉक्टर पळू नको म्हणत होते. ऐकलं का त्यानं? पाच हजार, दहा हजार आणि मॅरॅथॉन! तीन सुवर्णपदकं! आणि मॅरॅथॉन तर आयुष्यातली पहिली!" हे सांगताना प्राचार्यांनी माझ्या पलंगावर एवढ्या जोराने थाप मारली की सलाईनच्या सुईची जागा पुन्हा ठणकली.

कथा खरीच आहे. १९५२ साली तसेच घडले. पण कथनकाराने कथा कुठे थांबवावी याला महत्त्व असते, आणि सगळे हेलसिंकीला थांबतात. चार वर्षांनी मेलबर्नला झाटोपेक पुन्हा मॅरॅथॉन पळाला. काही आठवड्यांपूर्वीच हर्नियाचे ऑपरेशन झालेले. सहावा आला. ज्याला त्याने वर्षानुवर्षे मागे ठेवले त्या आलें मिमूँने शर्यत जिंकली आणि जिंकल्यावर तो झाटोपेकची वाट पाहत उभा राहिला. झाटोपेक आला, दमलेला, आणि बातमी कळल्यावर त्याने मिमूँला सलाम ठोकून मिठी मारली. आजाऱ्याला ऐकवायची कथा ही आहे. पण सहाव्या क्रमांकाची कथा घेऊन कुणी कुणाच्या घरी जात नाही.

ताप गेला आणि खरी पंचाईत सुरू झाली. ताप असतो तोपर्यंत माणसाला मान असतो. ताप उतरला की तो बरा झाला असे सगळे धरून चालतात, आणि डेंग्यूनंतरचा थकवा तर दिसतही नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी झेंडूची फुले आणि बत्तासे घेऊन आम्ही दोघे मंडईतून परत आलो. लिफ्ट बंद होती. आमचे घर तिसऱ्या मजल्यावर. पहिला मजला गप्पा मारत चढलो. दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे माझे पाय थांबले. मी थांबवले नाहीत, तेच थांबले. कठडा धरून पायरीवर बसलो. ऑगस्टात मी सिंहगड चढून उतरून परत ऑफिसला गेलो होतो. वरच्या घरातली पोरे फटाके घेऊन उड्या मारत शेजारून उतरली. ही माझ्याशेजारी पायरीवर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. काही बोलली नाही. मी म्हणालो, "संपलं बहुतेक." ती म्हणाली, "फुलं आणायची राहिली होती तीन पुडे, दोनच आणलीत." आणि मग बराच वेळ आम्ही तिथे बसलो होतो. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी दार उघडून पाहिले आणि पणती ठेवून पुन्हा लावून घेतले.

ह्या पायरीविषयी कुठल्याच पुस्तकात काही नाही. मी पुन्हा सगळी उलगडून पाहिली.

मुराकामींच्या पुस्तकात असेल असे वाटले होते. २००७ साली जपानीत आलेले हे पुस्तक आमच्या टेकडीवरच्या तरुण मंडळींचे दासबोध. कादंबरीकार असल्यामुळे लिहिणे अर्थातच उत्तम. पण शर्यतीत आपण काय वाटेल ते झाले तरी चाललो नाही, पळालोच, याचा त्यांना फार अभिमान. १९९६ साली शंभर किलोमीटरच्या शर्यतीतही चालायचे नाही म्हणजे नाही. वाचता वाचता मी चिडलो. अहो, चालता येणे ही केवढी गोष्ट आहे! मला इथे जिना चढवत नाही. पण पुढे त्या शंभर किलोमीटरनंतर पळण्यातली गोडी कशी आटली, वय वाढताना वेळ कशी घसरत गेली, हे त्यांनी न लपवता लिहिले आहे, आणि ती पाने मी दोनदा वाचली. उतरणीवरचा लेखक चढणीवरच्यापेक्षा सरस आहे, एवढे मत नोंदवतो.

चालण्याला प्रतिष्ठा देणारा गुरू शेवटी सापडला तो जेफ गॅलोवे. १९७२च्या ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर पळालेला हा माणूस, पण १९७४ साली नवशिक्यांना शिकवताना त्याच्या लक्षात आले की मधे मधे ठरवून चालले तर माणसे टिकतात. दमल्यावर चालायचे नाही, दमण्याआधी चालायचे. युक्ती एवढीच. भाषेच्या दृष्टीने पुस्तक सामान्य आहे, शिकवणीच्या क्लाससारखे. पण मला त्या वेळी शैली नको होती.

डॉक्टरांनी ईसीजी काढायला लावला, इको करायला लावला. विषाणूच्या तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज राहू शकते, तेव्हा घाई नको, असे समजावले. दोन्ही अहवाल चांगले आले. ते हिने स्वतः वाचले, आणि मगच कपाटावर ठेवलेले माझे बूट खाली आले. सकाळी उठल्या उठल्या नाडी मोजायची. पूर्वी अठ्ठावन्न असायची, आता अठ्ठ्याहत्तर. ती उतरेल तसे पुढे जायचे. एक मिनिट पळायचे, दोन मिनिटे चालायचे. अंतर विजेच्या खांबांत मोजायचे. पहिल्या दिवशी दोन खांब.

यात शरीराला त्रास कमी आणि अब्रूला जास्त. बारा वर्षे ज्यांना मी "नमस्कार" असे म्हणत मागे टाकत आलो, ते हास्यमंडळाचे आजोबा आता काठी टेकत मला मागे टाकून जात आणि थांबून विचारत, "काय, दमलात?" "नाही, पद्धत आहे ही," असे मी सांगे. "असं का," असे म्हणून ते हसत, हास्यमंडळाचेच ते. एकदा प्राचार्य समोरून येताना दिसले आणि माझी चालण्याची दोन मिनिटे नुकती सुरू झाली होती. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. ते जाईपर्यंत दोन्ही बुटांच्या नाड्या प्रत्येकी दोनदा बांधून झाल्या.

याच दिवसांत शेवटचे पुस्तक उघडले. जॉर्ज शीहान, अमेरिकेतले हृदयविकारतज्ज्ञ. पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा पळू लागले, आणि तेही सुरुवातीला घरामागच्या अंगणात. सव्वीस फेऱ्यांचा एक मैल. हे वाचून माझ्या खांबांना एकदम घराणे मिळाले. दोष सांगायचा तर १९७८च्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात दर मैलाला एक तत्त्ववेत्ता भेटतो आणि वाचकाला धाप लागते. पण १९८६ साली त्यांना कर्करोग झाला, तो पसरलेला होता, आणि १९९३ साली जाईपर्यंत हा माणूस लिहीत राहिला. शेवटचे पुस्तक त्यांच्यामागे प्रसिद्ध झाले. बरे होऊन जिंकल्याची गोष्ट नाही ती. हिला मी हे पुस्तक दिले. तिने चार दिवस घेतले आणि परत देताना म्हणाली, "ह्याला शेवटचं प्रकरण आहे."

शर्यतीला जावे की नाही यावर घरात फार चर्चा झाली नाही. फी ऑगस्टातच भरलेली होती आणि ती परत मिळणार नव्हती. मध्यमवर्गीय माणसाच्या धाडसाला एवढे कारण पुरते.

माहीमला पहाटे अंधारात हजारो माणसे उभी होती आणि सगळ्यांना एकाच वेळी लघुशंकेला जायचे होते. समुद्रावरच्या पुलावर चढलो तेव्हा वारा अंगावर आला. मी ठरल्याप्रमाणे चौथ्या मिनिटाला चालू लागलो. मागून येणारे "चलो अंकल, चलो!" असे ओरडून प्रोत्साहन देत. त्या प्रोत्साहनाला उत्तर देण्यातच माझी निम्मी शक्ती गेली. पुलाच्या दुसऱ्या टोकाला नऊवारी नेसलेल्या एका बाईंनी मला ओलांडले. कमरेचा पदर घट्ट, नथ जागच्या जागी, श्वास माझ्यापेक्षा संथ. पेडर रोडच्या चढावर सगळेच चालत होते, आणि आयुष्यात प्रथमच मी पद्धतशीरपणे चालणारा, बाकीचे नाइलाजाने, असा फरक पडला. फुटपाथवर एक गुजराती आजी संत्र्याच्या फोडी वाटत होत्या. थांबून दोन फोडी घेतल्या. पूर्वी मी कधी थांबलो नव्हतो. त्यामुळे तिथे संत्री मिळतात हेच मला इतकी वर्षे माहीत नव्हते.

तीन तास चार मिनिटे. आजारापूर्वी मी हेच अंतर दोन तास आठ मिनिटांत पळालो होतो. आकडे देतो, कारण समीक्षेत पुरावा लागतो.

शेवटाला ही उभी होती, हातात माझा स्वेटर. म्हणाली, "नाडी किती?" मी म्हणालो, "जरा थांब, श्वास तर घेऊ दे." तिने मनगट धरून घड्याळ पाहत मोजायला सुरुवातही केली होती. शेजारी एक पोरगा पदक दातात धरून फोटो काढून घेत होता.

घरी आल्यावर तक्ता फ्रिजवरून काढला. टाकून द्यायच्या आधी पाहिले तर चौथ्या आठवड्यापासून आठव्यापर्यंतच्या चौकटींत पेन्सिलीने बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेले. अडतीस हजार. बहात्तर हजार. एक लाख दहा. पेज खाल्ली. जिना दोन मजले. जिना तीन मजले. अक्षर हिचे. तक्ता टाकला नाही.

एप्रिलमध्ये प्राचार्यांचे ऑपरेशन झाले, हर्नियाचे. मी पाहायला गेलो, सोबत मोसंबी नेली. दारात पाऊल ठेवतो न ठेवतो तोच ते उशीवरून हात वर करून म्हणाले, "बँकवाले, बसा. पण त्या झाटोपेकचं नाव काढायचं नाही."